चौलच्या गच्चीवरची लाल बरणी

मीरा, ईशान, तुम्ही दोघांनी चौल पाहिलेलं नाही, म्हणून आधी नकाशा. मुंबईहून समुद्र ओलांडून दक्षिणेला आलं की रायगडचा किनारा लागतो. त्यावर अलिबाग, अलिबागच्या खाली चौल, आणि चौलला चिकटून, खाडीच्या तोंडाशी, रेवदंडा. एके काळी चौल मोठं बंदर होतं. आता गलबतं येत नाहीत. नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत, देवळं आहेत, आणि दुपारी इतकी शांतता असते की पोफळीची झावळी गळून पडली तरी माणूस दचकतो.

मी तिथं फिरायला गेले नव्हते. तुमच्या सुमाआजीला गच्चीवरून खाली आणायला गेले होते.

सुमाआजी म्हणजे सुमती, माझी धाकटी जाऊ. तिचे यजमान, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना मी भाऊजी म्हणायची, ते दिवाळीनंतर वारले. होळी झाली आणि सुमतीच्या मुलीचा, मंजिरीचा, बंगळूरहून फोन आला.

"काकू, आई रोज भर बाराला गच्चीवर जाऊन उन्हात बसते. काल चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

"उन्हात कशाला बसते?"

"बाबांच्या बरणीपाशी." मग म्हणाली, "ती लाल व्हायला लागली आहे, काकू."

आवाज इतका खाली आला होता की मी पुढं काही विचारलं नाही. बॅग भरली.

अलिबाग ते चौल

पुण्याहून अलिबागपर्यंतच्या एसटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अलिबागच्या स्टँडबाहेर पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. वेणीसारखे गुंफलेले, चपटे, गोडसर कांदे. ते याच दिवसांत मिळतात. मी एक माळ घेतली आणि रिक्षात बसले. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वेणी सुटली आणि कांदे रिक्षाभर झाले. दोन-चार रस्त्यावर उड्या मारून गेले. रिक्षावाल्याने गाडी थांबवून ते गोळा केले, आणि माझ्या मांडीवर टाकत विचारलं,

"आजी, चौलला कुणाकडं?"

मी आडनाव सांगितलं, वाडीची खूण सांगितली. त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे लाल बरनीवाल्यांकडं! आदी सांगायचं ना. पाव्हण्या का तुमी?"

"जाऊ आहे मी तिची."

"मग सांगा त्यांना, बारा वाजता वर नका बसू. आमची बायको तर तिकडं मान वळवून बगत पन न्हाय." तो हसला. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याने ब्रेक दाबला. "इथंच उतरा आजी, पुडं वळायला जागा न्हाय."

गल्लीत टेम्पो सहज वळला असता.

गच्ची

दारात गुलाब उभी होती. ती सुमतीकडे कित्येक वर्षं काम करते. वाडीतल्या सुपाऱ्या गोळा करणं, सोलणं, घर झाडणं, सगळं तीच बघते. माझ्या हातातली बॅग घेत ती म्हणाली, "बरं झालं बाय आलात. त्या वर हायत. मी न्हाय येयाची वर. बाराची वेळ हाय."

आपल्याकडे पुण्यात अंधाराची भीती घालतात. कोकणात तिन्हीसांजेइतकीच भर दुपारही जपतात. बाराला वाडीत फिरू नये, विहिरीत वाकून बघू नये, कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. तुमच्या गावात हिवाळ्यात शाळा सुटेपर्यंत सूर्य मावळतो; तुम्हाला उन्हाची भीती म्हणजे गंमत वाटेल. मलाही वाटायची. मी जिना चढून गेले.

गच्चीभर सुपारी वाळत घातली होती. तिचा तुरट, जरा कुबट वास येत होता. ऊन इतकं सरळ डोक्यावर होतं की कठड्याला सावली नव्हती, दोरीवरच्या पंच्याला नव्हती, आणि मी खाली पाहिलं तर माझीही माझ्या पायांतच विरून गेलेली. कावळासुद्धा ओरडत नव्हता. दूर रेवदंड्याच्या बाजूचा समुद्र चमकत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

कठड्यापाशी, पाटावर, डोक्यावर पदर घेऊन सुमती बसली होती. माझ्याकडे पाठ होती. मी पाऊल वाजवलं नव्हतं.

"या वहिनी," ती न वळता म्हणाली. "बसा. आता होईल."

"काय होईल?"

"बघा ना."

कठड्यावर लोणच्याची असते तशी मोठी काचेची बरणी होती. तोंड मेणाने बंद केलेलं. आत तळाशी जरासं पाणी, आणि काचेला आतून तांबडी झाक. विटेची नव्हे, कुंकवाचीही नव्हे. सुकत आलेल्या रक्ताची म्हणावी अशी. आत धुकं दाटलं होतं. आम्ही पाहत असतानाच ते हलू लागलं. काचेवर एक स्वच्छ पट्टा उमटला, मग रुंद झाला, जणू आतून कुणीतरी फडक्याने काच पुसत होतं. धुकं गेलं आणि बरणीतून गेलेल्या उन्हाचा लाल कवडसा सुमतीच्या गालावर पडला. तिने गाल तसाच, न हलवता, त्याच्यासमोर धरला.

मला ठाऊक होतं की काच तापली म्हणजे तिच्यावरचं पाणी उडून जातं. तरी मी एक पाऊल मागं सरले.

"सुमती, खाली चल. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. कवडसा जाईपर्यंत बसू द्या."

तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते. उठताना तिने दोन्ही हात जमिनीला टेकले, आणि तरी ती डावीकडे झुकली. मी धरलं म्हणून उभी राहिली.

न दिसणारं ऊन

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि मी आणलेला कांदा. अलिबागकडचे वाल कडवे. मोड आणून, सोलून, नारळाच्या रसात शिजवले की कडूपणा जिभेच्या टोकाला नुसता शिवून जातो. सुमती नीट जेवली, नीट बोलली, मंजिरीची चौकशी केली. वेडी म्हणावी असं तिच्यात काही नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

इथं तुम्हाला भाऊजींचं काम सांगायला हवं. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या राक्षसी ग्रहांच्या हवेत सूर्यप्रकाश काय घडवतो, हेच त्यांनी आयुष्यभर अभ्यासलं. या ग्रहांवर उभं राहायला जमीन नाही. वर हवा, खाली दाट हवा, त्याखाली आणखी दाट आणि तापलेली. ती बहुतेक हायड्रोजन आणि हेलियमची. तिच्यात थोडा मिथेन, थोडा अमोनिया. मिथेन म्हणजे गोबरगॅसमध्ये असतो तो, आणि अमोनिया म्हणजे ज्याच्यापासून अलिबागजवळ थळच्या कारखान्यात खत होतं तो. गुरूवर पोचणारं ऊन आपल्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी. पण त्यात आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक भाग असतो, अतिनील किरणांचा. तो मिथेनच्या रेणूवर पडला की रेणू फुटतो. फुटलेले तुकडे एकटे राहू शकत नाहीत, जो भेटेल त्याला धरतात. त्यातून इथेन होतं, ॲसिटिलीन होतं, मग लांब लांब साखळ्या, आणि शेवटी एक तपकिरी धुरकं. ते सावकाश खाली उतरतं. टेकायला जमीन नसल्यामुळे उतरतच राहतं, आणि फार खोल, उष्णतेत पोचलं की मोडून पुन्हा मिथेन होतं आणि वर येतं. अमोनियाही असाच फुटतो, जरा खालच्या थरात, ढगांच्या माथ्यावर. गुरूवरचा मोठा डाग लाल का, हे नक्की कुणालाच माहीत नाही. फुटलेला अमोनिया आणि ॲसिटिलीन एकत्र येऊन तो रंग होत असावा, असं काहींना वाटतं. भाऊजींनाही वाटायचं.

ते हे सांगायचे तेव्हा मला नेहमी एकच विचार यायचा. तिथं बघणारं कुणी नाही, आणि तरी रोज ऊन पडतं आणि रोज हे सगळं चालू असतं.

निवृत्त होऊन ते चौलच्या वाडीत आले आणि इथल्या शाळेतल्या मुलांनी त्यांना विचारलं, मग इथं असं का होत नाही? त्यावर त्यांनी ही बरणी भरली. शेजारच्या गोबरगॅसमधला वायू, नवसागर आणि चुना खलून काढलेला थोडा अमोनिया, वर रबरी बूच. बरणी गच्चीवर उन्हात ठेवली आणि मुलांना सांगितलं, "बघत राहा. काही होणार नाही. ते काम करणारं ऊन आपल्यापर्यंत पोचतच नाही. वरची हवा, वरचा ओझोन ते गिळून टाकतो. पोचलं असतं तर तुम्हीही नसता, मीही नसतो." दर वर्षी नवी मुलं यायची, कोरी बरणी बघून हिरमुसली व्हायची, आणि भाऊजी खूश व्हायचे. काहीही न होणारा प्रयोग, असं ते तिला अभिमानाने म्हणायचे.

आणि आता ती लाल झाली होती.

सुमतीने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"वहिनी, तुम्ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवलीत. तुम्हीच सांगा. ते ऊन इथं येत नाही ना?"

"नाही."

"आणि आलं तरी साध्या काचेतून आत जात नाही."

"नाही जात."

"ते असेपर्यंत बरणी कोरी होती. तुम्हीही पाहिलीत."

"पाहिली होती."

"मग हे ऊन कुठून आलं?" तिचा आवाज अगदी शांत होता. "त्यांना ते वाट काढून आणावं लागलं असेल. मी खाली येऊन बसले तर ते पडणार कुणावर?"

तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि ती त्या वाक्यांवरून पायरी पायरीने कुठं निघाली होती ते मला दिसत होतं. वाडीकडच्या खिडकीतून पोफळींच्या आतला हिरवा अंधार दिसत होता. त्यात भर दुपारी काहीच हलत नव्हतं.

रेवदंडा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत रेवदंड्याला गेले. विचार करायला मला चालावं लागतं. खाडीच्या तोंडाशी होड्या लागल्या होत्या आणि वाळूवर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले होते, रांगाच्या रांगा, सगळ्यांचे जबडे उघडे. वारा आला की ते एकदम हलायचे. मुशीचे, म्हणजे लहान शार्कचे, तुकडेही वाळत होते आणि त्यांचा वास थेट नाकात शिरला: अमोनिया. मुशी सुकताना तसा वास येतोच, पण त्या सकाळी तो मला नको होता.

मी एका रांगेपाशी थांबले तशी मागून आरोळी आली.

"ए आजे! सावली काढ तुजी! माज्या बोंबलांवर कशाला पाडतेस?"

एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी होती. मी बाजूला झाले.

"चुकलं हो बाई."

"चुकलं काय! बग, इकडची बाजू कशी खडखडीत झाली, आनि ही मागली अजून वली. ऊन लागंल तिकडूनच सुकतंय ना? का तुमच्या शेरात वेगळं हाय?"

"नाही, शहरातही तसंच," मी म्हणाले.

"मग! घे, एक वाटा इकत घेऊन जा, सावलीचं भाडं म्हून."

बोंबील मी घेतले नाहीत, सुमतीच्या घरी चालत नाहीत. पण परत येताना माझी पावलं भराभर पडत होती. ऊन लागतं तिकडूनच सुकतं. बरणीची कोणती बाजू लाल होती?

तांदळाचा डबा

मी सरळ गच्चीवर गेले. सकाळचं ऊन होतं, सुमती आंघोळीला गेली होती. बरणी मी चारही बाजूंनी पाहिली. समुद्राकडची, दिवसभर तापणारी बाजू आणि जिन्याच्या भिंतीकडची बाजू, दोन्ही सारख्याच. रंग सर्वांत गडद होता तो वर, बुचाच्या खाली. तिथून ओघळ निघून खाली उतरले होते. ऊन काही बुचातून येत नाही.

सुमती केस पुसत आली तेव्हा मी विचारलं, "भाऊजींचं रबरी बूच कुठं गेलं?"

"उन्हानं तडकलं. ते गेले त्याच सुमारास. वास यायला लागला, म्हणून मी दुसरं मारलं."

"कशाचं?"

"सासूबाई मारायच्या तसंच. काकवीच्या बाटलीला नाही का, कोवळी सुपारी सोलून, नेमकी कातरून, चिंधीत गुंडाळून घट्ट बसवायच्या? वरून मेण."

मी वाडीत जाऊन गुलाबकडून कोवळ्या सुपाऱ्या काढून घेतल्या, कातरल्या, आणि दोन रिकाम्या औषधाच्या बाटल्या धुतल्या. दोन्हींत चुन्याची निवळी भरली. अमोनिया काय, चुना काय, दोघांचा स्वभाव एकच, आम्लाच्या उलट. एकीत सुपारीचे तुकडे टाकले, दुसरीत काही नाही. दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात, तांदळात पुरल्या आणि झाकण लावलं. सुमती दारात उभी राहून पाहत होती.

"तांदळात ऊन येतं का गं?" मी विचारलं.

"तुम्ही आयुष्यभर पोरांचे मार्क कापलेत, वहिनी," ती म्हणाली. "आता त्यांचे कापा."

त्या दुपारीही ती वर गेली. मी छत्री घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिने छत्री हाताने बाजूला सारली.

दुसऱ्या सकाळी गुलाबला बोलावून तिघींसमोर डबा उघडला. नुसत्या निवळीची बाटली कोरी होती. सुपारीची लाल. तोच रंग, थेट तोच, सुकत आलेल्या रक्ताचा. काळोखात, तांदळाच्या पोटात, कुणी न बघता झालेला.

"जल्लं मेलं!" गुलाब म्हणाली. "हा तर विड्याचा रंग! ह्याच्यासाटी मी वरची सुपारी उलटवायची सोडली?"

सुमती हसली नाही. तिने बाटली हातात घेतली, खिडकीशी नेली, परत आणून ठेवली.

"म्हणजे ते नव्हते. मीच होते."

"तूच होतीस. बूच मारलंस, ते सासूबाईंसारखंच घट्ट मारलंस. रात्री आतून त्यावर दव धरायचं, सुपारीचा रस घेऊन खाली उतरायचं."

ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. बारा वाजले. ती वर गेली नाही. मी ज्याच्यासाठी आले होते ते झालं होतं, आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं. तिने भाताला हात लावला नाही, पाणीसुद्धा मी पाजलं तेव्हा घेतलं. मंजिरीला फोन करून काय सांगावं ते मला कळेना. आई गच्चीवरून उतरली, पण आणखी कुठं तरी खोल उतरते आहे, असं?

ऊन कलल्यावर ती आपणहून उठून ओटीवर आली. डोळे सुजले होते.

"वहिनी, त्यांची बरणी होती तशी करून द्याल?"

"कशासाठी?"

"ते सगळ्यांना सांगायचे, काही होणार नाही. आणि मी त्यांना खोटं पाडलं. गावभर लाल बरणी म्हणून झालं." तिने नाक पुसलं. "त्यांनी मांडलेलं काहीच-नाही मला परत पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ती बरणी उघडली. मेण खरवडलं, सुपारीचं बूच उपसलं. आतून अमोनियाचा शेवटचा उग्र झोत आला आणि दोघींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अमोनियाने येतंच. तो विरला तरी सुमतीचं थांबलं नाही, आणि मी बरणी घासत राहिले, तिच्याकडे पाहिलं नाही. काच चिंच लावून घासली, उकळत्या पाण्याने धुतली. गुलाब शेजाऱ्यांशी गोबरगॅससाठी बोलणी करून आली. नवसागर आणि चुना मी खलला, पदर नाकाला लावून. अलिबागहून रिक्षावाल्याने नवं रबरी बूच आणून दिलं. या वेळी तो दारापर्यंत आला. बूच सुमतीने स्वतः बसवलं. बरणी पुन्हा कठड्यावर गेली. काच होती, पलीकडे समुद्र दिसत होता, मध्ये काही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी जेवणं लवकर, अकरालाच झाली. सुमती थोडं जेवली आणि आतल्या खोलीत, पंख्याखाली, गोधडीवर आडवी झाली. गुलाब घरामागच्या परड्यात भांडी घासत होती. मला झोप येईना. बरणी नीट बसली आहे ना, वाफ सुटत नाही ना, ते एकदा पाहून यावं म्हणून मी वर गेले.

गच्चीवर सावली नव्हती. आवाज नव्हता. बरणी कोरी होती, आणि तिच्यात ऊन काठोकाठ भरून उभं होतं. मी जवळ गेले. ज्या उन्हाने हे जग करपून गेलं असतं ते माझ्या डोक्याच्या खूप वर, न दिसणाऱ्या हवेत, या क्षणी अडत होतं, आणि जे उरलं ते माझ्या हातांवर पडत होतं. भाऊजींना हे रोज ठाऊक होतं. मी काचेत बघत राहिले. कुठं एखादा ठिपका, कुठं जराशी झाक. काही होत नव्हतं. काही होत नव्हतं, आणि मला नजर काढता येत नव्हती. माझे पाय तापले आहेत, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरतो आहे, हे मला समजत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचे पाय असावेत तसं.

"वहिनी!"

मी ओ दिली नाही.

"अहो वहिनी!" जिन्याच्या तोंडाशी सुमती उभी होती, छत्री उघडून. "भर बाराची काय बसलात तिथं? खाली चला आधी. ऊन लागेल."

मी पाटावर कधी बसले ते मला आठवत नव्हतं. तिने माझा दंड धरला, छत्री माझ्या डोक्यावर धरली, आणि मला एक एक पायरी खाली घेऊन आली.